बॅटरी कोणतं पाणी पिते

माझ्या भावजयीला, अफराहला, पहिल्यांदा शिडीवर चढलेलं पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून शिवी निघाली होती. तिचीच गोष्ट सांगायला बसले आहे, तर हे आधी कबूल केलेलं बरं. मी अतिका, गावची सुईण. जिभेला हाड नाही म्हणून माझी ख्याती आहे. ती देणगी माझ्या आईकडून, हज्जा नबातकडून आलेली, आणि तिच्यापुढे मी म्हणजे मुकी.

आमचं बैत शुऐब गाव इब्ब शहराच्या वरच्या अंगाला आहे. उतारावर पायऱ्यांची शेतं, दगडी घरं आणि घरांत बायका. पुरुष सौदीत. माझा भाऊ मुक्बिल रियाधला फरशा बसवतो. दोन वर्षांतून एकदा येतो, महिनाभर राहतो, सगळ्यांना सल्ले देतो आणि जातो. बायको मात्र इथेच, आईच्या तोंडाखाली. चौदा वर्षं झाली तिला या घरात येऊन.

अफराह खालच्या गावातल्या मास्तरांची मुलगी. नववीपर्यंत शिकलेली. ती दहा वर्षांची असताना बापाने तिच्या हातात बंद पडलेला टॉर्च ठेवला आणि विचारलं, "हा मेलाय का झोपलाय, सांग." तिने तो उघडला. आत काय, तर दोन सेल, एक इवलासा बल्ब आणि पत्र्याची एक पट्टी. तिने जुन्या रेडिओतला तारेचा तुकडा घेतला. एक टोक सेलच्या बुडाला दाबलं, दुसरं बल्बच्या कमरेला गुंडाळलं आणि बल्बचं टोक सेलच्या डोक्यावर टेकवलं. बल्ब तिच्या बोटांत पेटला. मग तिला कळलं की टॉर्चमधली पट्टी गंजली आहे. राखेने घासून परत बसवली तेव्हा टॉर्चही लागला. "झोपला होता, अब्बा," ती म्हणाली. ही गोष्ट ती अजून सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा दहा वर्षांच्या पोरीसारखा होतो.

विजेचं तिचं सगळं शास्त्र त्या एका दुपारचं आहे. विजेला जायला वाट लागते आणि परत यायलाही वाट लागते. मध्ये केसाएवढी फट पडली की सगळं बंद. बटण म्हणजे तरी काय, आपल्या मर्जीने पाडायची आणि आपल्या मर्जीने बुजवायची फट.

लढाई सुरू झाली आणि सरकारी वीज गेली ती गेलीच. खांब राहिले. त्यांना दोऱ्या बांधून आम्ही कपडे वाळत घालायला लागलो. मग बाजारगावाहून सौर पाट्या यायला लागल्या, काळ्या, चकचकीत, गाढवाच्या पाठीवर गोधडीत गुंडाळून. त्यांच्याबरोबर हिजाम आला. बाजारात त्याचं पाट्या-बॅटऱ्यांचं दुकान. माणूस वाईट नाही, पण उंटावरचा शहाणा. आणि त्यात एक अडचण अशी की ज्या घरात पुरुष नाही त्या घराचा उंबरा परका पुरुष ओलांडत नाही. आमच्या गावात दहातल्या आठ घरांत पुरुष नाही. म्हणजे विजेला घरात यायची मुभा, वीज जोडणाऱ्याला नाही.

हिजाम अंगणात उभा राहायचा, खिडकीतून तारा आत ढकलायचा आणि ओरडायचा, "लाल ती लालला! काळी ती काळीला! दिसतंय का, खाला?" आतून कुणी म्हातारी ओरडायची, "मला लाल-काळं काही दिसत नाही रे बाबा, मोतीबिंदू झालाय!" अशी आमच्या गावात वीज आली.

आमच्या घरी तीन खोल्यांत तीन बल्ब लागले. लागले म्हणजे काय, निखारा विझताना दिसतो तेवढे. आई म्हणाली, "याच्यापेक्षा माझा रॉकेलचा दिवा सून म्हणून आणला असता तर बरं." आणि तिने अफराहकडे पाहिलं. तिचा प्रत्येक टोमणा, कुठूनही निघाला तरी, अफराहपाशी येऊन थांबायचा.

दुसऱ्या दिवशी अफराह शिडी लावून चढली. तेव्हाच मी ती शिवी घातली.

"उतर खाली, मुक्बिलला काय तोंड दाखवू मी?"

"अतिका, शिडी धर," ती म्हणाली. "त्याने तिन्ही बल्ब एकाच तारेवर ओवलेत, जपमाळेच्या मण्यांसारखे. बॅटरीचा जो काही जोर आहे तो तिघांत वाटला जातोय."

"मग?"

"मग प्रत्येकाला आपापली जायची आणि यायची वाट द्यायची. शेजारी शेजारी. म्हणजे तिघांनाही पुरता जोर मिळतो, आणि एक गेला तरी बाकीचे दोन जळतात."

मी शिडी धरली. तासाभराने तिन्ही खोल्या अशा उजळल्या की भिंतीवरची वीस वर्षांची काजळी दिसली आणि आम्हाला लाज वाटली. आईने वर बघितलं, खाली बघितलं. "सून नाही आणली मुक्बिलने, वायरमन आणलाय," ती म्हणाली आणि नमाजाला निघून गेली.

पण बायकांच्या तोंडी गोष्ट राहते का? आठवड्याभरात अफराहला घराघरांतून बोलावणी यायला लागली. तिला कुठल्याही घराचा उंबरा ओलांडता येत होता, अगदी आतल्या खोलीतही जाता येत होतं. काम करताना ती बोलायची, आणि बायका ऐकत बसायच्या, किश्रचे, म्हणजे कॉफीच्या टरफलांच्या काढ्याचे, पेले हातात धरून. ती म्हणायची, "आपल्या शेतांत पाणी कसं येतं? टाकं जितकं उंच, तितका जोर. पाट जितका रुंद, तितकं पाणी. पाटात दगड अडकला की धार बारीक. विजेचं तसंच. बॅटरीचा व्होल्ट म्हणजे टाक्याची उंची. जाड तार म्हणजे रुंद पाट."

"मग पाणी आणि वीज सारखीच की," कुणीतरी म्हणालं.

"एक फरक आहे. पाणी शेतात जिरलं तरी चालतं. वीज मात्र घरी परत यायची वाट असल्याशिवाय बाहेरच पडत नाही."

"म्हणजे आमच्या नवऱ्यांच्या उलट!" एक जण म्हणाली, आणि असा हशा पिकला की खालच्या मशिदीतून कुणीतरी खाकरलं.

सगळंच हसण्यावारी जायचं असंही नाही. एका घरी फ्यूज सारखा जळायचा, म्हणून तिथल्या सबीरा खालाने त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबली होती. ते पाहून अफराह अशी भडकली की मी तिला पहिल्यांदाच मोठ्याने बोलताना ऐकलं. "खाला, फ्यूज मुद्दाम अशक्त ठेवलेला असतो! कुठे तारेला तार चिकटली, वीज आडवाटेने धावत सुटली, तर घराआधी त्याने जळायचं. तुम्ही त्याच्या जागी पैलवान बसवलात. आता घर जळेल आणि चांदी तशीच राहील." खालाने मुकाट्याने चांदी काढली.

तीन वर्षांपूर्वी एका मदत करणाऱ्या संस्थेने आमच्या दवाखान्याला छपरावर पाट्या आणि चार मोठ्या बॅटऱ्या दिल्या. दवाखाना म्हणजे एक खोली. तिथे मी बाळंतपणं करते, आणि तिथल्या फ्रीजमध्ये मुलांच्या लसी असतात. तो फ्रीज चोवीस व्होल्टवर चालतो आणि बॅटरी एकेक बाराची. अफराहने दोन-दोन एकामागे एक जोडल्या, म्हणजे बारा आणि बारा चोवीस. अशा दोन जोड्या झाल्या. त्या तिने शेजारी शेजारी लावल्या, म्हणजे जोर तेवढाच, पण पुरवठा दुप्पट. एक जोडी पुढे, एक भिंतीलगत मागे. गावचा आकिल दबवान, म्हणजे आमचा मुखिया, दारात उभा राहून सगळं पाहत होता. फ्रीज गुरगुरायला लागला तेव्हा त्याने खोलीची किल्ली अफराहच्या सासूच्या हातात दिली, म्हणजे माझ्या आईच्या, आणि म्हणाला, "ही तुमच्या सुनेकडे राहील."

आमच्या गावाने कुठल्याही बाईला दिलेली ती पहिली किल्ली. अफराह ती गळ्यात घालायची, कपड्यांच्या आत. तिच्या नावावर दुसरं काहीही नव्हतं. घर मुक्बिलचं, स्वयंपाकघर आईचं, अंगावरचे दागिने सणाला आईकडून मागून घ्यायचे. ही किल्ली एवढीच तिची. आई म्हणायची, "नाकापेक्षा मोती जड झालाय." अफराह ऐकून घ्यायची.

त्या बॅटऱ्यांचं पाणी उन्हाळ्यात उडतं. अफराह चुलीवर पातेल्यात पाणी उकळायची, वर उलटं झाकण ठेवायची आणि झाकणाला सुटलेले थेंब बाटलीत गोळा करायची. अख्ख्या सकाळभर बसून पेलाभर पाणी. मग ते मोठ्या सुईच्या पिचकारीने बॅटरीच्या एकेका भोकात, आजारी कोकराला दूध पाजावं तसं घालायची. आई कोपऱ्यात बसून बघायची. "वाफेत काय बरकत असते?" एवढंच एकदा म्हणाली.

शुक्रवारी अफराह भाकऱ्यांच्या कामात अडकलेली असायची, म्हणून किल्ली घेऊन दवाखाना झाडायला मी जायची. यंदा आई माझ्याबरोबर यायला लागली. म्हणायची, "तू पाणी घेऊन ये, मी बसते जरा आत, कुराणातल्या दोन आयती पढते." मला वाटलं, म्हातारी शांत जागा शोधते आहे. मी घागर घेऊन टाक्यावर जायची. चार महिने असं चाललं.

उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर फ्रीज बंद पडला. नेमका लसीच्या दिवशी. वरच्या वाड्यांतल्या बाया पाठीवर पोरं बांधून तीन-तीन तास चालत आल्या होत्या. मी फ्रीज उघडला तर आत कोमट. सगळ्या कुप्या फेकाव्या लागल्या. एका आईने मला विचारलं, "मग आता कधी?" ती तशीच पोर पाठीला बांधून उन्हात परत गेली. अफराह दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती, ती दिसेनाशी होईपर्यंत.

दबवानने निरोप धाडला: दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात बैठक. हिजामलाही बोलावलंय.

बैठकीआधी अफराहने मला बरोबर घेतलं आणि बॅटऱ्यांची झाकणं उघडली. पुढच्या जोडीत वाकून बघितलं आणि तशीच राहिली.

"काय झालं?"

"मी तीन आठवडे पाणी घातलं नाही. या उन्हात पातळी खाली जायला हवी. ही काठोकाठ भरली आहे." तिने काचेची नळी आत बुडवली, जिच्यात एक बोंडूक तरंगतं. आतलं तेजाब, म्हणजे आम्ल, सशक्त असलं तर बोंडूक वर राहतं. ते दगडासारखं तळाला गेलं. बॅटरीच्या डोक्यावर पांढरी बुरशी धरली होती आणि खालच्या चटईला ओघळांनी भोकं पाडली होती. मागच्या जोडीत पातळी खाली होती, हवी तशी, आणि काही बुरशी नव्हती.

"कुणीतरी पुढच्या जोडीत पाणी ओतलंय. भलतं पाणी," ती म्हणाली. "मागे हात पोचला नसेल. आणि दोन्ही जोड्या शेजारी जोडलेल्या, म्हणून आजारी जोडी चांगलीलाही पीत बसली."

तिने पुढच्या जोडीच्या तारा सोडवल्या. "मागची सुटी झाली. दोन दिवस ऊन मिळालं तर ती एकटी फ्रीज ओढेल." मग बॅटरीमागे हात घालून चाचपलं आणि एक छोटा पेला बाहेर काढला. निळ्या काठाचा. तो पेला आमच्या घरात एकाच ठिकाणी असतो, आईच्या पेटीत, पांढऱ्या डब्यावर उलटा ठेवलेला.

त्या डब्यात जमजमचं पाणी होतं, मक्केच्या पवित्र विहिरीचं. वीस वर्षांपूर्वी माझे आईवडील हजला गेले तेव्हा बापाने स्वतःच्या हातांनी भरलेलं. परत आल्यावर वर्षाच्या आत बाप गेला. आईने ते पाणी जपून ठेवलं होतं स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी. मी एकदा तापाने फणफणले असताना चमचाभर मागितलं, तर म्हणाली होती, "तू मरत नाहीयेस." तेच पाणी तिने दर शुक्रवारी एक-एक पेला या बॅटऱ्यांना पाजलं होतं. जित्याजागत्या कुणाला चालतं ते बॅटरीलाही चालेल असं तिला वाटलं.

"मी जाऊन दबवानला सांगते," मी म्हणाले. "तुझ्यावर कशाला येऊ द्यायचं?"

"नाही."

"अगं वेडे, किल्ली जाईल तुझी!"

तेव्हा अफराह रडायला लागली. ती रडते हे मला तोवर माहीत नव्हतं. "अतिका, चौदा वर्षांत त्यांनी मला एक चांगला शब्द दिला नाही. आणि बघ, काय दिलंय. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी हे ओतलं, माझ्या बॅटऱ्यांत. याला नुकसान कसं म्हणू? आणि त्यांना कळलं की तुझ्या अब्बांच्या हातच्या पाण्याने बॅटऱ्या मेल्या, पोरं लसीविना परत गेली, तर त्या जगतील का?"

मी दबवानकडे गेले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

बैठकीत पुरुष अंगणात, गालात कातच्या, म्हणजे आमच्याकडच्या नशेच्या, पानांचा गोळा धरून. बायका शेजारच्या गच्चीवर. आईही माझ्या बाजूला बसली होती. हिजाम बॅटऱ्या बघून आला होता. म्हणाला, "चारही भंगार. मी आधीच म्हणालो होतो, हे बायकांचं काम नाही."

"दोन चांगल्या आहेत," अफराह गच्चीच्या कठड्यापाशी उभी राहून म्हणाली. "दोन दिवस ऊन मिळू दे."

"बरं, बिघडल्या कशाने?" दबवानने विचारलं.

"भलतं पाणी पडलं."

"कुणी घातलं?"

"किल्ली माझ्याकडे होती," अफराह म्हणाली.

"मी विचारलं, कुणी घातलं?"

"किल्ली माझ्याकडे होती, आकिल. जबाबदारी माझी."

दबवानने डोळे मिटून मान हलवली. त्यालाही ते आवडलं नसावं. पण अंगणात लसीविना परत गेलेल्या पोरांचे आजे बसले होते. अफराहने गळ्यातली किल्ली काढली, ती हातोहात खाली गेली आणि हिजामच्या खिशात पडली. मी न राहवून ओरडले, "आणि बाळंतीण आत असताना दिवा गेला तर हा काय खिडकीतून लाल-काळी ओरडणार?" कुणी हसलं नाही. मी खरं तेच सांगायला हवं होतं. त्याऐवजी टोमणा मारला. तो दिवस आठवला की मला अजून स्वतःचा राग येतो.

घरी येताना आईने मला विचारलं, "भलतं पाणी म्हणजे कुठलं गं?"

"टाक्याचं असेल," मी खोटं बोलले.

ती काठी टेकत पुढे चालू लागली. पण माझी आई हट्टी असेल, तिखट असेल, मूर्ख नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी येऊन बसली. अफराह तंदूरच्या भिंतीला भाकऱ्या थापत होती, मी कांदा चिरत होते.

"काय गं, बॅटरीच्या पोटात असतं काय?"

चौदा वर्षांत आईने अफराहला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल ज्यात टोमणा नव्हता. अफराहने हात पुसले.

"शिशाचे पत्रे असतात, अम्मा. आणि तेजाब, पाण्यात मिसळलेलं. दिवसभर उन्हाने ते भरतं, आपण दिवे लावले की रितं होतं. उन्हाळ्यात त्यातलं पाणी उडतं, तेजाब तसंच राहतं. म्हणून वरून नुसतं पाणी घालायचं."

"वाफेचंच का? टाक्याचं का नाही?"

"पाणी ज्या दगडातून येतं त्याचं मीठ घेऊन येतं. आपल्या हाडांना ते लागतं. पत्र्यांना मात्र ते आतून खातं. वाफ वर जाते तेव्हा मीठ खालीच राहतं."

आईने तंदूरमध्ये एक काटकी सरकवली. "सगळ्याच पाण्यांत असतं हे मीठ?"

मी आईच्या पाठीमागून अफराहला खुणा करत होते. नाही म्हण. एकदाच नाही म्हण. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझी खूण कळली होती.

"जमिनीतून येणाऱ्या सगळ्याच, अम्मा."

"मक्केच्या सुद्धा?"

"मक्केलाही दगडच आहेत, अम्मा," अफराह हळूच म्हणाली. "पाण्याचा काही दोष नाही. ते माणसांसाठी आहे. बॅटरीच्या पोटाला ते सोसत नाही, एवढंच."

भाकरी करपल्याचा वास आला. कुणीच उठलं नाही. मग आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि खोलीत जाऊन दार लावून बसली.

मी अफराहवर तुटून पडले. "काल सगळ्या गावासमोर गप्प बसलीस, किल्ली घालवलीस, आणि आज एक खोटं बोलता येईना?"

"गप्प बसता येतं मला," ती म्हणाली. "विजेबद्दल खोटं नाही सांगता येत. आज मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते दुसऱ्या दहा जणींना सांगितलं असतं. प्रत्येकीच्या घरात बॅटरी आहे. आणि त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं, अतिका. पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर देऊ?"

आई दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अस्रचा नमाज झाला आणि ती दार उघडून बाहेर आली. काठी घेतली, आम्हा दोघींना म्हणाली, "चला." आणि सरळ मशिदीच्या अंगणात, पुरुषांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिथे कुठलीही बाई उभी राहिलेली मी पाहिलेली नाही.

"दबवान, मान वर कर. तू शेंबडा असताना पाहिलंय मी तुला."

दबवानने मान वर केली.

"बॅटऱ्यांत पाणी मी घातलं. चार महिने, दर शुक्रवारी. हजच्या डब्यातलं."

कुणाच्या गालातली पानं हलली नाहीत. दवाखान्याचं बघायला आलेला हिजाम कोपऱ्यातून पुढे सरकला. दबवान म्हणाला, "हज्जा, नियत तर चांगलीच होती तुमची."

"नियत माझी आणि अल्लाची. बॅटरीला नियत कळत नाही, मीठ कळतं. माझ्यामुळे पोरं लसीविना गेली. त्यांच्या घरी मी जाईन, पायी जाईन. ते माझं मी बघते. पण हिची किल्ली का घेतली?"

"तिनेच तर काही सांगितलं नाही. तिला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाही?"

"तुला काय सांगणार ती? मी चौदा वर्षं हिला बोलते आहे, मलाही हिने कधी उलट उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, हिच्याकडे उत्तरच नाही." आईने काठी घट्ट धरली. "काल हिने मला बसवून समजावून सांगितलं. लहान पोराला सांगावं तसं. असं कुणी मला कधी काही समजावून सांगितलं नाही, ना बापाने ना नवऱ्याने."

हिजामने स्वतःहून खिशातून किल्ली काढली. दबवानने ती घेतली आणि रीतीप्रमाणे आईपुढे धरली. आईने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मला नको. तिची आहे, तिच्या हातात दे."

दबवान गोंधळला. परक्या घरच्या सुनेच्या हातात हातानेच काही द्यायची रीत नाही. सगळे बघत होते. शेवटी त्याने वीतभर वरून किल्ली सोडली आणि अफराहने ती ओंजळीत झेलली.

आम्ही तिथूनच दवाखान्यात गेलो. दोन दिवस लख्ख ऊन होतं, मागची जोडी भरली होती. अफराहने तारांची टोकं घासली आणि आवळली. फ्रीज एकदा कण्हला, थांबला, आणि मग गुरगुरायला लागला. आईने त्याच्या दारावर हात ठेवला आणि त्याची थरथर हाताला लागेपर्यंत तसाच ठेवला.

घरी जायच्या चढणीवर आई धापा टाकत एका दगडावर बसली. अफराह तिच्यापुढे खाली बसली.

"अम्मा, डबा रिकामा झालाय."

"माहीत आहे मला. मीच रिता केलाय."

"मुक्बिलला सांगू. तो मक्केहून आणेल."

"आणू दे. ते तुम्हाला होईल." आईने चेहऱ्यावरचा घाम पुसला. "मला शेवटचा घोट टाक्याचा दिलास तरी चालेल. पण तू दे. या बोलभांड पोरीवर सोडू नकोस, ती बोलत बसेल आणि माझा घसा कोरडाच राहील."

पोटची पोर मी. मला राग यायला हवा होता. मी आईची काठी उचलली, आणि अफराहने तिला उठायला हात दिला.